आपल्या गावच्या नदीवरच्या पुलाचा इतिहास कसा शोधायचा, कसा लिहायचा (महाडचा सावित्री पूल समोर ठेवून)

किल्ल्यांवर लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत, देवळांवर आहेत, वाड्यांवर आहेत, पण ज्या पुलावरून सगळा तालुका रोज ये-जा करतो त्याच्यावर चार ओळी लिहिलेल्या सापडत नाहीत. कुणालाही विचारा, "इंग्रजांच्या काळातला आहे" एवढंच उत्तर मिळतं आणि विषय संपतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसट्या आणि इतर गाड्या माणसांसकट नदीत गेल्या, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळलं की हा पूल १९२८ सालचा होता. ही माहिती आधीपासून गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय. पुलाचा इतिहास म्हणजे उद्घाटन कुणी केलं ते नाही हो, त्याने किती पूर अंगावर घेतले, काय काय दुरुस्त केलं, किती वजन वाहिलं आणि त्याच्या आजूबाजूची नदी कशी बदलली, हा त्याचा खरा इतिहास. तो कुणालाही शोधता येतो, डिग्री लागत नाही, चिकाटी लागते.

सुरुवात पुलापासून नाही, पुलाच्या आधीपासून

पहिला प्रश्न हा की पूल नव्हता तेव्हा लोक नदी कशी ओलांडायचे. उतार (पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा) कुठे होता, होडी कुठून सुटायची, ती पलीकडे नेण्याचं काम कुठल्या घराकडे होतं, कोकणात असाल तर साकव (लाकडाचा छोटा पूल) कुठे घालायचे, देशावर असाल तर फरशी (पात्रात घातलेला बुटका दगडी रस्ता) कुठे होती. बहुतेक वेळा पूल त्या जुन्या वाटेच्या आसपासच येतो, आणि तसा नसेल तर का नाही हा अजून चांगला प्रश्न आहे.

महाडचंच बघा. आज महाड म्हटलं की मुंबई-गोवा हायवे डोळ्यासमोर येतो, पण शंभर वर्षांपूर्वी महाडची खरी वाट पाण्यातून होती. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं, बोटी आतपर्यंत यायच्या. दासगाव हे त्याच पाण्यावरचं बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर आले ते बोटीनेच, दासगावला उतरले, आणि जमलेले सत्याग्रही तिथून पायी महाडला आले. म्हणजे चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि हा पूल एकाच काळातले, एक वर्षाचं अंतर. ही अशी जोड सापडली की पुलाची तारीख नुसता आकडा राहत नाही, गाव तेव्हा कसं होतं ते दिसायला लागतं.

आता १९२८ च का, हेही बघायचं. देशात मोटारी वाढत होत्या आणि रस्ते बैलगाडीचे होते, म्हणून १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तिचा अहवाल १९२८ ला आला आणि पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी १९२९ ला सुरू झाला. तुमच्या गावचा पूल विशीच्या तिशीच्या दशकातला असेल तर त्या काळचं हे वारं लक्षात ठेवूनच कागद वाचा. आणि एक गोष्ट, पुलावर किती वजन धरून डिझाइन करायचं याचे देशभर चालणारे नियम ज्या इंडियन रोड्स काँग्रेसने (रस्ते बांधणाऱ्या इंजिनियरांची संस्था) पुढे केले ती स्थापनच झाली १९३४ ला. म्हणजे १९२८ चा पूल बांधताना आजच्या मल्टी-ॲक्सल ट्रेलरचा विचार कुणाच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं.

पूल कुणाचा आहे ते आधी ठरवा

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. नगरपालिकेत जातात, ते म्हणतात आमचा नाही, झेडपीत जा, झेडपीवाले म्हणतात बांधकाम खात्यात जा. हा फेरा टाळायचा असेल तर आधी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्राम सडक योजनेतला रस्ता. नंतर पुलाच्या कठड्यावर किंवा टोकाच्या दगडावर रंगवलेला नंबर शोधा, ४५/२ असं काहीतरी असतं, त्याचा अर्थ पंचेचाळिसाव्या किलोमीटरमधलं दुसरं बांधकाम. हा नंबर वहीत लिहून घ्या, कारण ऑफिसमध्ये पूल नावाने नाही तर नंबरने ओळखतात आणि "मारुतीच्या देवळाजवळचा पूल" म्हणून विचारलं तर टेबलावरचा माणूस तुमच्याकडे बघत राहील. हेही लक्षात असू द्या की रस्त्याचा दर्जा बदलला की मालक बदलतो, मुंबई-गोवा हायवे आधी १७ नंबरचा होता, आता ६६ आहे, आणि जुनी फाइल जुन्या नंबरखाली पडलेली असते.

संस्थानी मुलखात असाल तर अजून एक गाठ सोडवायची असते. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, तिथला कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव दिलेला, म्हणजे त्याची सुरुवातीची कागदपत्रं ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या फायलीत शोधून उपयोग नाही, संस्थानच्या दप्तरात बघायला लागतं.

कागद कुठे मिळतात

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, सगळ्यात सोपं, फुकट, घरबसल्या. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड ऑनलाइन टाकलेत. महाडसाठी जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, कुलाबा आणि जंजिरा, १८८३ चा, आणि नंतर राज्य सरकारने काढलेलं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर १९६४ चं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मधल्या ऐंशी वर्षांत काय आलं ते तिथेच कळतं. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये, त्यामुळे "रायगड" टाकून सर्च करत बसलात तर जुनं काहीच हाती लागणार नाही, "कुलाबा" टाका. गावांच्या नावांचं स्पेलिंगही तेव्हा वेगळं असायचं, दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

पुराभिलेखागार म्हणजे सरकारी जुन्या कागदांचं दप्तर, मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्यात आहे, कोल्हापुरात आहे. जाताना ओळखपत्र न्या, आणि "पूल" म्हणून न मागता सार्वजनिक बांधकाम खात्याच्या त्या त्या वर्षांच्या फायली आणि वार्षिक अहवाल मागा. तिथला स्टाफ बऱ्याच वेळा खूप मदत करतो, फक्त तुम्हाला साल साधारण माहीत पाहिजे.

नकाशे विसरू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, वेगवेगळ्या सालचे दोन मिळाले तरी पुरे. एकात पूल नाही, दुसऱ्यात आहे, म्हणजे मधल्या काळात झाला, एवढं पक्कं. आणि नदीचं पात्र तेव्हा कुठून वाहत होतं तेही दिसतं, जे मला वैयक्तिक पुलापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग माहितीचा अधिकार. अर्ज साधा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, त्यामुळे पसरट लिहू नका. "पुलाबद्दल सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की अर्ज गेलाच म्हणून समजा. असं लिहा: "अमुक रस्त्यावरील कि.मी. अमुक येथील पुलाच्या नोंदवहीतील नोंदीची प्रत, मागील पाच वर्षांच्या पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या तपासणी अहवालांच्या प्रती, आणि या काळात केलेल्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांच्या प्रती मिळाव्यात." मत विचारायचं नाही, "पूल सुरक्षित आहे का" विचारायचं नाही, कागद मागायचे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, लाजू नका, भांडणही नको, शांतपणे अपील करा.

तपासणी अहवालावर माझा एवढा जोर का आहे सांगतो. सावित्री पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तेव्हा धोका दिसला नव्हता असं सरकारकडून सांगितलं गेलं. आणि ऑगस्टमध्ये पूल गेला. म्हणजे "पाहणी झाली" या दोन शब्दांनी काहीच कळत नाही, कुणी केली, वरून बघितला की खाली उतरून, पाण्याखालचा पाया बघितला का, हे त्या कागदावर असतं किंवा नसतं, आणि नसणं हीसुद्धा माहिती आहे.

पूल स्वतः वाचायला शिका

हे काम उन्हाळ्यात करा, एप्रिल-मे मध्ये पाणी कमी असताना, आणि काठावरून. पावसाळ्यात पुलाखाली जायचं नाही, वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, इतिहासापेक्षा जीव मोठा.

आधी कशाचा आहे ते बघा. घडीव दगड, चुन्याची दरज (दोन दगडांमधला भरलेला सांधा) आणि कमानी असतील तर साधारण स्वातंत्र्याच्या बराच आधीचा. सिमेंटचे गर्डर (आडव्या तुळया) आणि वर सपाट स्लॅब असेल तर नंतरचा. कमानी मोजा, खांबांची वरच्या अंगाची बाजू, म्हणजे जिथून पाणी येतं ती, टोकदार आहे का बघा, ती पाणी कापायला केलेली असते. एक-दोन कमानींचा दगड वेगळ्या रंगाचा दिसतोय का, कठड्याचा एखादा तुकडा नवा आहे का, दरजांमध्ये चुन्याच्या जागी सिमेंट भरलंय का, रुंदी नंतर वाढवलीय का, हे सगळं म्हणजे दुरुस्तीची तारीख विचारायच्या जागा आहेत. पिंपळ-वड उगवलेत का तेही लिहा. ते दिसायला छान दिसतं, पण मुळं दगड फोडतात.

मग पाया. पुलाचा घात बहुतेक वेळा वरून नाही, खालून होतो. पुराचं पाणी खांबाला आपटून त्याच्या पायाशी भोवरा करतं आणि तिथली वाळू, माती, गोटे काढून नेतं, पूर ओसरल्यावर त्या खड्ड्यात परत गाळ भरतो आणि वरून बघणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसतं. त्यात आजूबाजूला वाळूचा उपसा झाला असेल तर नदीचा तळच खाली जातो आणि एकेकाळी मातीत गाडलेला पाया उघडा पडतो. खांबाच्या तळाशी दगडाचा रंग बदललेला दिसतो, खालचा पट्टा वेगळा, कमी झिजलेला, तेवढा भाग पूर्वी जमिनीत होता. जुना फोटो मिळाला तर शेजारी ठेवून बघा. हे लिहून ठेवलंत तर तुमचं काम इंजिनियरच्याही उपयोगी पडेल.

पुराच्या खुणा शोधा, पुलावर रंगवलेली फुटांची पट्टी, जवळच्या देवळाच्या भिंतीवरच्या रेघा, घरांवर लिहिलेली सालं. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना "आयर्विनला किती फूट?" असंच विचारतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. एक पूल अख्ख्या शहराची मोजपट्टी झालाय, हा त्या पुलाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा भाग आहे, कोनशिलेपेक्षा कितीतरी मोठा.

वयावरून मात्र पटकन निष्कर्ष काढू नका. गोव्यात पणजी ते रायबंदर जोडणारा पोर्तुगीजांचा लांबलचक पूल १६३३-३४ चा आहे आणि अजून रस्ता म्हणून वापरात आहे, आणि त्याच पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल, सत्तरच्या आसपास झालेला, जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि लोकांना परत फेरीबोटीवर यावं लागलं. जुना म्हणजे धोक्याचा आणि नवा म्हणजे पक्का असं नसतं.

माणसांशी बोलणं

आजोबा-आजींना "कोणत्या साली?" विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. घटनेला बांधून विचारा. पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पुलाला काही झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात नदीत किती पाणी होतं? महाडकडे असाल तर २००५ च्या जुलैमध्ये, दासगाव-जुईला दरडी कोसळल्या तेव्हा, पाणी पुलाच्या कुठपर्यंत आलं होतं? अशा प्रश्नाला माणूस हात वर करून दाखवतो, "इथवर", आणि ते बऱ्यापैकी बरोबर असतं, दोन-तीन जणांकडून वेगवेगळं ऐकून जुळवा.

फक्त म्हाताऱ्यांशीच बोला असं नाही. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, ट्रक ड्रायव्हर, पुलाशेजारचे टपरीवाले, गॅरेजवाले, भोई, धुणं धुणाऱ्या बायका, खाली मासे धरणारे, यांना पुलाची सगळ्यात खरी माहिती असते. कुठला जॉइंट आदळतो, कुठे गाडी हलते, कुठे पाणी साचतं. सावित्री पूल गेल्याची पहिली खबर देणारा जवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा माणूसच होता, त्या अंधारात पावसात त्याने गाड्या थांबवल्या, अजून किती जीव गेले असते कुणास ठाऊक.

पुलाच्या प्रत्येक गोष्टीत दोन कथा हमखास येतात. एक, पाया धरत नव्हता म्हणून नरबळी दिला. दुसरी, इंग्रजांच्या कंपनीचं इंग्लंडहून पत्र आलं की "आमच्या पुलाची मुदत संपली, आता जबाबदारी आमची नाही." ही पत्राची गोष्ट मी इतक्या वेगवेगळ्या पुलांबद्दल ऐकलीय की आता ऐकली की मी एकच विचारतो, पत्र कुठंय? कुणी बघितलंय? कुठल्या ऑफिसला आलं? कागद मिळाला तर डोक्यावर घ्या, मिळाला नाही तर "गावात असं सांगतात" एवढंच लिहा. गोष्ट टाकून देऊ नका पण ती इतिहास म्हणून खपवू नका.

आणि पूल पडलेला असेल, माणसं गेलेली असतील, तर त्या घरांत जाताना फार जपून जा. सावित्रीत गेलेल्यांचे मृतदेह खाडीतून वाहत हरिहरेश्वर, आंजर्ल्यापर्यंत सापडले, बुडालेल्या गाड्या शोधायला क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक लावून नदीत सोडलं होतं, घरची माणसं दिवसेंदिवस काठावर उभी होती. त्यांच्याकडून आपल्याला "माहिती" काढायची नाहीये. ती स्वतःहून बोलली तर ऐका, रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको, नावं त्यांच्या परवानगीशिवाय नको.

आकडे लिहिताना

प्रत्येक आकड्याला तारीख लावा. सावित्रीच्या पहिल्या दिवशीच्या बातम्यांमध्ये बेपत्ता माणसांचा आकडा विशीतला होता, पुढे तो चाळीसच्या आसपास गेला. दोन्ही बातम्या आपापल्या दिवशी खऱ्याच होत्या. तुम्ही कुठल्या तारखेचा आकडा घेतलाय ते लिहिलं नाही तर पुढचा वाचणारा गोंधळतो. नव्या पुलाचं तसं सोपं आहे, ५ जून २०१७ ला उद्घाटन, १६५ दिवसांत काम, लांबी २३९ मीटर, रुंदी १६ मीटर, खर्च सुमारे ३६ कोटी, हे सगळीकडे एकसारखं आहे. जुन्या पुलाबद्दल मात्र असं चारही बाजूंनी जुळणारं फारसं काही मिळत नाही, आणि हीच तर आपली तक्रार आहे. पडला तेव्हा त्याच्याशेजारी नंतर बांधलेला दुसरा पूल होता, तो टिकला आणि पुढचे दहा महिने हायवे त्याच्यावर चालला, हे मात्र बहुतेक जण लिहायचं विसरतात.

नवा पूल झाला म्हणून लिखाण तिथे संपवू नका. २२ जुलै २०२१ ला महाड परत बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. त्या पुरानंतर लोकांची चर्चा पुलापेक्षा नदीची होती, सावित्री, काळ, गांधारीत साचलेला गाळ, पात्रातली बेटं, दासगावकडचा कोकण रेल्वेचा भराव, आणि वरून पाऊस असताना खालून आलेली भरती. पुलाखालून जाणारं पाणी पुढे कुठे अडतंय हे बघितल्याशिवाय पुलाचा इतिहास पुरा होत नाही, म्हणून वहीत नदीसाठी निम्मी पानं ठेवा.

लिहून झालं की किमान तीन प्रती काढा. एक गावच्या वाचनालयात द्या, तारीख टाकून सही घ्या. एक बांधकाम खात्याच्या उपविभागात, आवक नंबर घेऊन, कारण नंबर पडला की कागद फाइलला लागतो. एक शाळेत. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाका, प्रत्येक फोटोखाली तारीख, कुठल्या काठावरून काढला ते आणि पाणी किती होतं ते लिहा. आणि दरवर्षी मे अखेरीला त्याच जागी उभं राहून त्याच खांबांचे फोटो परत काढा, हे काम दहावीच्या पोरांनाही जमतं, त्यांना सोबत घेऊन जा.